पहिली मोठी कोण जिंकणार

गोल्फ हा खेळ आमच्या घराण्यात कोणी खेळलेला नाही. तरी नव्वदच्या दशकातल्या एका जुलैमध्ये माझे सासरे आणि मी त्यावरून दोन दिवस कडाकडा भांडलो, आणि त्या भांडणातला मूळ प्रश्न मला अजूनही पुरता सुटलेला नाही.

नवरा आंध्रातल्या मंचेरियलला कोळशाच्या कंपनीत कारकून होता आणि आम्ही कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. ते महाराष्ट्राच्या सीमेवरच्या गावात कापूस-ज्वारी करायचे. गुडघे गेले तशी शेती धाकट्या दिराच्या हाती देऊन ते आमच्याकडे आले. गावाकडे त्यांची ख्याती बैलाच्या पारखीसाठी होती. कुणाला जोडी घ्यायची असली की तो आधी मामाजींना बाजारात घेऊन जायचा. क्वार्टरमध्ये पारखायला काहीच नव्हतं. दिवसभर नळाला पाणी कधी येतं ते पाहायचं, नाहीतर नव्यानं आलेली केबल.

एका गुरुवारी संध्याकाळी ते टीव्हीपुढून ओरडले, "सूनबाई, हे वावर कोनाचं हाये?"

मी पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आले. पडद्यावर समुद्राच्या काठचं हिरवंगार माळरान होतं आणि काही माणसं काठ्या घेऊन चालत होती.

"खेळाचं मैदान हाये ते, मामाजी."

"एवढ्या जमिनीत नुसतं गवत? अन् एकबी ढोर नाही?"

त्यांना हे पटेना, म्हणून ते बघत बसले. मीही बसले, कारण मला न कळणारी गोष्ट समोर असली की माझं स्वयंपाकात लक्ष लागत नाही. नावांपुढे आकडे येत होते. आम्ही सगळ्यात मोठा आकडा असलेला एक जाडा माणूस निवडला आणि दोन दिवस त्याच्या वतीनं खूश होतो. शनिवारी तो गायब. नीट कान देऊन इंग्रजी ऐकलं तेव्हा उलगडा झाला. ज्याला कमी फटके लागतात तो पुढं, आणि आमचा जाडा शेवटून पहिला होता. त्याला घरी पाठवलं होतं.

"म्हंजे ज्यानं कमी काम केलं तो पैला?" मामाजींनी विचारलं.

"हाव."

"सरकारी खेळ दिसते."

पण त्यांनी टीव्ही बंद केला नाही. टीव्हीवर सांगणारे लोक सारखे एकाच गोष्टीचा कीस काढत होते, ती मी मामाजींना समजावून दिली. वर्षात चार मोठ्या स्पर्धा असतात. पुष्कळ चांगले खेळाडू लहानसहान स्पर्धा जिंकतात, पण मोठी एकही त्यांच्या हाती लागत नाही. दरवेळी जवळ जातात आणि राहतात. आता त्यांच्यातला कोण पहिल्यांदा मोठी जिंकणार, असा प्रश्न आहे.

"म्हंजे लगन जमते, पन वरात निघत नाही," मामाजी म्हणाले. "थांब. मी सांगतो कोन ते."

त्यांची रीत बाजारातली होती. विकणारा आपला बैल सपाट जागेवरून चालवून दाखवतो. मामाजी त्याला दगडधोंड्यांतून न्यायला लावायचे. बैल ठेचकाळला की तिथून पुढची चाल पाहायची. मान वळवून मागं पाहणारा बैल ते घेऊ देत नसत. ठेच लागलेल्या जागेची भीती ज्याच्या मनात बसली, तो भरल्या गाडीनिशी चढावर थांबतो, असं त्यांचं म्हणणं. आणि या खेळात तर फटके थोडे, चालणंच फार. मामाजींना हवा तसा बाजार भरला होता.

त्यांनी पांढऱ्या टोपीचा एक उंच, सडपातळ माणूस हेरला. त्याचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला तरी तो विहिरीवर पाणी आणायला निघाल्यासारखा चालत गेला. "हा जिंकते," मामाजी म्हणाले. मी लाल स्वेटरवाला एक बुटका धरला. त्याचा फटका चुकला की तो वळून आपण उभे होतो ती जागा पाहायचा, स्वतःशी बडबडायचा, चार पावलं जायचा आणि पुन्हा वळायचा.

"हा? हा कदीच नाही जिंकनार," मामाजी हसले.

"काऊन नाही?"

"मागं पाहून राह्यला तो."

"पाह्यलं तं काय झालं? डोळे हायेत तं पाहीनच ना मानूस!"

माझा आवाज चढला तसे ते चमकले. एका परदेशी बुटक्यासाठी सूनबाई एवढी का तापली, हे त्यांना कळलं नाही. त्याचं कारण मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

मी शिक्षिकेच्या नोकरीसाठी झटत होते. आमच्या जिल्ह्यात मराठी शाळा होत्या, जागाही निघायच्या. दोनदा मी लेखी परीक्षा पास होऊन मुलाखतीला गेले आणि दोन्ही वेळा घसरले. दुसऱ्या मुलाखतीत मला विचारलं, प्राणहिता कोणत्या नद्या मिळून होते. माझं माहेर बेज्जूरकडचं, लहानपणी त्याच नदीत पोहलेली मी! वर्धा म्हणाले आणि वैनगंगा आठवेचना. त्यानंतर त्यांनी आणखी बरंच विचारलं, पण मला एकही प्रश्न धड ऐकू आला नाही. मी त्या नदीपाशीच उभी होते. बाहेर आल्याबरोबर वैनगंगा आठवली.

आता जिल्ह्याच्या गावी, आदिलाबादला, तिसरी मुलाखत पंधरवड्यावर आली होती आणि वयाच्या अटीमुळे ती शेवटची होती. नवरा म्हणायचा, "झालं तं झालं, नाही तं सोडून दे." तो मायेनं म्हणायचा, त्यामुळे जास्तच लागायचं. शेजारची तेलुगू बाई कौतुकानं मला आत्तापासूनच "टीचरम्मा" म्हणायची. तिला पाहिलं की मी दार लोटून घ्यायची. आणि इकडे मामाजी सारखे छातीठोक सांगत होते की मागं पाहणारा जिंकत नाही. ते खरं असेल तर मी आदिलाबादचं तिकीट तरी कशाला काढायचं?

रविवारी पाऊस होता. चित्रात ठिपके नाचत होते, पण वीज टिकली. लाल स्वेटरवाला लवकरच मागं पडला. मामाजींनी मला एका शब्दानंही डिवचलं नाही, ते त्यांच्या सडपातळ माणसात बुडाले होते. तो सगळ्यांच्या पुढं होता. शेवटाला त्याचा हातभर अंतरावरचा चेंडू भोकाच्या काठावरून निसटला. तो मागं न पाहता शांतपणे चालत गेला. पुढचा फटका वाळूत गेला. तरी तसाच शांतपणे चालत गेला, आणि शांतपणे हरला. जिंकला तिसराच, च्युइंगम चघळणारा एक माणूस. त्याची ही पहिलीच मोठी होती.

"हा मागं पाह्यचा का, मामाजी?"

"कोनाले मालूम? आपुन कुठी पाह्यलं त्याच्याकडं!"

दोघंही हसलो. मग मी त्यांना सोडलं नाही. तुमचा माणूस मागं पाहत नव्हता, मग हरला कसा? नेम खोटा आहे का? मामाजी गुडघे चोळू लागले.

"नेमाचं नाही सांगत," ते म्हणाले, "पन नजर माही बिघडली. तो मले आवडून गेला. मनात भरलेला बैल मी कदी पारखत नसो, दुसऱ्याले पाहाले लावो. आवडला का त्याचं वंगाळ दिसतच नाही."

त्या भरात मी त्यांना नदीची गोष्ट सांगून टाकली. मागं पाहणारी मीच आहे, म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाणी मागितलं. त्यानंतर घरात गोल्फचं नाव निघालं नाही.

पंधरवड्यानं मी आदिलाबादला निघाले. नवऱ्याची पहिली पाळी होती. मामाजी म्हणाले, पाय मोकळे करायला येतो, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी बसस्टँडपर्यंत आले. बस लागलेली होती. मला राहवलं नाही.

"परदेशातल्या मानसाचं सांगत होते, आता माहं सांगा. होईन का माहं काम?"

"तुहं मले नको इचारू, पोरी."

"काऊन?"

"नजर बिघडेल हाये माही," ते म्हणाले आणि पिशवी माझ्या हाती दिली.

त्या मुलाखतीतही एक उत्तर चुकलं. मी मागं पाहिलंच, सवय अशी जात नाही, पण पुढचा प्रश्न ऐकूही आला आणि त्याचं उत्तरही दिलं. निवड झाली, आणि पुढं मी सीमेवरच्या शाळांमध्ये शिकवत राहिले. मागं पाहणारा जिंकतो की नाही, हे एवढ्यानं सिद्ध होत नाही. जिंकलेला तो च्युइंगमवाला कसा चालायचा हे आम्ही पाहिलं असतं तर काही सांगता आलं असतं.

निवडीच्या कागदापेक्षा त्या सकाळची बस मला जास्त आठवते. मी खिडकीत बसले होते आणि मामाजी स्टँडबाहेर निघाले होते. इतकी वर्षं त्यांना पाहत आले, पण त्यांची चाल मी पहिल्यांदाच त्यांच्यासारखी पाहिली. चार पावलं गेले आणि वळून बसकडे पाहिलं. पुन्हा थोडे चालले, पुन्हा वळले. फाटकापाशी तर मधोमध उभेच राहिले, मागून रिक्षावाला भोंगा वाजवत होता तरी हलेनात. ते घाबरलेले होते, माझ्याहून जास्त. बस त्यांना वळसा घालून रस्त्याला लागली आणि मी पदरात तोंड घालून खूप रडले.