नवसाला नाही, सिपनेला

लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. घरात आम्ही तिघंच. सासूबाई, हे आणि मी. सासूबाई विधवा. अमरावतीच्या एका जिनिंग कारखान्यात कापूस निवडायला जाऊन त्यांनी एकुलत्या मुलाला शिकवलं, मास्तर केलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव त्यांनी स्वतः टोपलीत भरून नदीत सोडले होते. त्याच बाई एका सकाळी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "या सुट्टीत नवस बोलाले जाऊ. त्यानंही नाही झालं, तं मंग दुसरीचं पाहू."

दुसरी म्हणजे दुसरी बायको. धामणगावकडची एक मुलगी त्यांनी हेरूनही ठेवली होती.

मी म्हणाले, "देव तं आपन सोडले ना आई? मंग नवस कोनाले बोलाचा?"

"मले शिकवू नको."

"शिकवत नाही. पन मी येनार नाही."

हे ताटात मान घालून जेवत राहिले. सासूबाईंचं बोलणं मी सोसलं असतं. ती खाली घातलेली मान मात्र मला सोसली नाही. संध्याकाळी मी सरळ सांगितलं, "सुट्टीत मी सिपना नदीवर मासे धराले जाते. येता का तुमी, का एकटी जाऊ?"

माझं माहेर दर्यापूरकडचं, पूर्णेच्या काठचं. आमच्याकडे बाया मासे साफ करत, शिजवत; गळ टाकणं पुरुषांचं. वडिलांनी मात्र मला लहानपणापासून सोबत नेलं होतं. सासरी आल्यापासून मी गळाला हात लावला नव्हता.

ह्यांनी शाळेतल्या एका मास्तरांची फटफटी मागून आणली. मागं गळाची काठी, ताडपत्री, दोन चादरी, पातेलं, ज्वारीचं पीठ आणि थोडी कणिक बांधली. मी लुगड्याचा काष्टा घट्ट घातला आणि पुरुषासारखी दोन्हीकडे पाय टाकून बसले. सासूबाई दारात उभ्या होत्या. "मासे मारनं धम्मात बसते का?" त्यांनी विचारलं.

"आपन खातो ते मारूनच खातो ना, आई?"

गल्लीत कोणीतरी फिसकन हसलं. मी त्या माणसाकडे बघत राहिले. शेवटी त्यानंच नजर वळवली.

परतवाडा सोडलं आणि घाट लागला. फटफटी तापली की आम्ही उतरायचो, ढकलत न्यायचो, पुन्हा बसायचो. दिवस कलता कलता सेमाडोहच्या पुढं एका विश्रामगृहापाशी पोचलो. चौकीदारानं आधी अदबीनं ओटा झटकून दिला. मग नाव विचारलं. ह्यांनी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. त्याचा चेहरा बदलला.

"खोली खाली नाही," तो म्हणाला.

दोन्ही खोल्यांना बाहेरून कुलपं होती. ह्यांनी बोट दाखवलं, "मंग आतमंधी कोनाले कोंडलं?"

"साहेब येनार हायेत."

हे वाद घालायला पुढं झाले. मी त्यांचा हात धरला. "चला. नदी काही कोनाच्या बापाची नाही."

सिपनेच्या काठी, डोहाजवळ कोरडी जागा बघून आम्ही दोन झाडांच्या मध्ये ताडपत्री बांधली. तीन दगडांची चूल केली. सकाळी चौकीदार खाली आला. साहेब नदीवर फिरायला येतात, तुमचं बिऱ्हाड दिसायला नको, उठा म्हणाला. हे तेव्हा दात घासत होते. चूळ भरून शांतपणे म्हणाले, "नदीलेही कुलूप लावून पाह्य. लागलं तं उठतो." तो पुटपुटत वर गेला आणि पुन्हा आला नाही. साहेबही कोणी आले नाहीत.

आपला नवरा असं बोलू शकतो हे मी पहिल्यांदाच ऐकलं होतं. मग घरी मान खाली का घालतो, हा प्रश्न जास्तच टोचायला लागला. मी कणकेची गोळी गळाला लावून डोहात टाकली. पाण्यावर दोरीला बांधलेला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा तरंगत होता. हे शेजारी येऊन बसले.

"खरं सांगा," मी म्हणाले, "दुसरी करनार का तुमी?"

तेवढ्यात धांड्याचा तुकडा हलला आणि सपकन पाण्याखाली गेला.

"अवं, लागला! ओढ ना!"

"लागू द्या. आधी सांगा."

काठी माझ्या हातात वाकत होती. हे एकदा तिच्याकडे बघत, एकदा माझ्याकडे. दोरी सैल पडली. मासा गेला.

"आईले मी दोनदा नाही म्हनलं," हे म्हणाले. "तुले वाईट वाटन म्हून सांगितलं नाही."

"तुमी सांगितलं नाही याचंच वाईट वाटलं. माह्यासमोर म्हना ना. आईपुढं, माह्यासमोर."

"म्हनतो."

दुपारी दुसरा मासा लागला. मोठ्या खवल्यांचा, पिवळसर, हातभर लांब. हे पाण्यात उतरून धरायला गेले आणि कपड्यांसकट आडवे झाले, पण मासा सोडला नाही. कंबरभर पाण्यात तो छातीशी कवटाळून उभा राहिलेला माझा नवरा बघून मी इतकी हसले, की मला खडकावर बसावं लागलं. तिखट-मीठ लावून आम्ही तो निखाऱ्यांवर भाजला आणि भाकरीशी खाल्ला. आणखी दोन दिवस राहिलो. हात भाजले, पाय डासांनी फोडले, पीठ संपलं, तेव्हा निघालो.

घरी पोचल्यावर ह्यांनी बूटही काढले नाहीत. अंगणातच म्हणाले, "आई, या घरात दुसरी बायको येनार नाही. हे मी हिच्यासमोर सांगून राहिलो."

सासूबाई आत निघून गेल्या. मग कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी माझी कामं करत राहिले, समजूत घालायला गेले नाही. पुढल्या थंडीत आम्ही पुन्हा सिपनेवर गेलो, त्यानंतरही जात राहिलो. मूल झालं नाही.

पुढं कधीतरी नळावर एका शेजारणीनं सासूबाईंना विचारलं, "नातवाचं काय मंग तुमच्या?" मी रांगेत मागं होते, हे तिला दिसलं नव्हतं.

सासूबाईंनी भरत आलेली घागर बाजूला केली. "माहा पोरगा हाय, सून हाय. घर भरलं हाय माहं. तुले कावून घोर लागून राहिला?"

सासूबाईंनी घागर कमरेवर घेतली, मला बघितलं आणि म्हणाल्या, "उभी काय? लाव तुही घागर."