सोबतीला घेतलेला पियानो

माझी धाकटी बहीण गाते आणि मी तिच्यामागे वाजवते, ही वाटणी आमच्या घरात कुणी केली नव्हती. ती होऊन बसली होती. रेणापूरच्या शाळेचं गॅदरिंग असो, नवरात्रातला कार्यक्रम असो की कुणाची हळद, तिच्या हातात माईक आणि माझ्यासमोर कीबोर्ड ठरलेला. लोक घरी यायचे आणि दारातूनच विचारायचे, "गाणारी हाय का घरी?" वाजवणारी समोर ओट्यावर शेंगा सोलत बसलेली असायची. मला त्याचं वाईट वाटत नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

कीबोर्ड मी लातूरला एका क्लासमध्ये शिकले. तिथल्या सरांची पद्धत सोपी होती. सगळी गाणी पांढरी एकमधून बसवायची, म्हणजे 'सा' कायम त्या एकाच पांढऱ्या सुरावर. गाणाऱ्याचा आवाज उंच असो की खालचा, बोटांनी आपली जागा सोडायची नाही. कीबोर्डवर एक बटण असतं, ते दाबलं की अख्खा बाजा हवा तेवढा वर किंवा खाली सरकतो. माझ्या बहिणीचा आवाज काळी पाचचा, म्हणजे तिचा 'सा' पाचव्या काळ्या सुरावर. मी बटण दाबून बाजा काळी पाचला नेऊन ठेवायची आणि बोटं आपली पांढरी एकवरच. आमच्याकडचे लग्नाच्या ऑर्केस्ट्रातले कितीतरी जण असंच वाजवतात आणि त्यांचं काही अडत नाही. माझंही अडलं नव्हतं.

बारावीनंतर बहिणीनं नांदेडला विद्यापीठात संगीत शिकायला जायचं काढलं. तोवर माझं लातूरला बी.कॉम. झालं होतं आणि बँकेच्या परीक्षांचं नाव सांगून मी घरी बसले होते. आबा म्हणजे आमचे वडील कमी बोलतात. सोयाबीनची रास होईपर्यंत ते या विषयावर गप्प राहिले आणि मग एकदा जेवता जेवता त्यांनी निकाल दिला.

"दोघी जाणार असाल तर जावा. एकलीला म्या धाडणार न्हाई. आन एकीचं बिघडलं तर दोघी घरी."

बहिणीनं ताटावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला नाही म्हणणं मला कधीच जमलेलं नाही. मी मान डोलावली आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

विद्यापीठाच्या संगीत विभागात गायन होतं, तबला होता, पेटी होती. पेटीचा भाता मला झेपत नसे. डावा हात भात्यात अडकला की उजवा वेडावाकडा पळायचा. उरला पियानो. एका मोठ्या खोलीच्या कोपऱ्यात तो उभा होता आणि तो शिकवायला एक म्हातारे सर हैदराबादहून रेल्वेनं यायचे. ते बोलायचे दख्खनी, मध्येच मराठी. पहिल्या दिवशी त्यांनी मला बहिणीच्या सुरात काहीतरी वाजवायला सांगितलं. मी स्टुलावर बसले, झाकण उघडलं आणि सवयीनं वरच्या लाकडावरून बोटं फिरवायला लागले.

"क्या ढूँढ रही है?" सरांनी विचारलं.

"बटण, सर. काळी पाचला न्यायचं."

सर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ये बाजे में बटन नहीं है, बेटा. तूच सरक."

सरकणं म्हणजे काय, हे मला त्या वर्षभरात कळलं आणि माझ्या नाकी नऊ आले. मी काळी पाचवर 'सा' धरला की पुढचे सूर भलत्याच ठिकाणी असायचे. पांढऱ्याच्या जागी काळा, काळ्याच्या जागी पांढरा. राहत्या घरात कुणी रातोरात चूल आणि मोरीची अदलाबदल करावी, तसं. कानाला बरोबर वाटायचं तेव्हा बोटं म्हणायची चुकलं, आणि बोटांना बरोबर वाटायचं तेव्हा अख्खा वर्ग माझ्याकडे वळून बघायचा. इतकी वर्षं मी वाजवत होते की बटण वाजवत होतं, असा प्रश्न मला पडायला लागला. तो मी कुणाला सांगितला नाही. बहिणीला तर नाहीच, कारण तिचं फार छान चाललं होतं. गायनाच्या मॅडम तिला वर्गानंतर थांबवून घ्यायच्या.

मग मी पळवाट काढली. वार्षिक परीक्षेला मंचप्रदर्शन असतं. सभागृहात, परीक्षकांसमोर, पियानोही तिथं हलवलेला, आई-वडिलांनाही बोलावलेलं. त्यात मला बहिणीला साथ करायची होती. मी तिचं एकच भावगीत घेतलं आणि काळी पाचमध्ये बोटं कुठं कुठं पडतात ते नुसतं पाठ केलं. पाढे पाठ करतात तसं, अर्थ न विचारता. सरांच्या ते लक्षात आलं. "रट्टा मार रही है," ते म्हणाले. "गला उतरेगा तो क्या करेगी?" मी म्हटलं, "ती माझी बहीण आहे सर, तिचा गळा मला माहीत आहे." आडात नव्हतं ते मी पोहऱ्यात आणायला निघाले होते, पण मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी नापास झाले असते तर तिचंही सामान बांधावं लागलं असतं.

परीक्षेच्या दिवशी नांदेड तापलं होतं. बहीण आदल्या रात्री वसतिगृहात कूलरच्या अगदी तोंडाशी झोपली होती आणि सकाळी उठली ती घसा धरूनच. गरम पाणी, मिठाच्या गुळण्या, हळद, सगळं झालं. विंगेत उभं असताना तिनं माझा दंड धरला.

"ताई, काळी चार घे."

"मला न्हाई जमणार."

"एकच तर काळी खाली. वर गेले तर आवाज फाटंल माझा. घे की."

कीबोर्ड असता तर दोनदा बटण दाबलं असतं आणि तिला धन्यवादसुद्धा म्हणू दिलं नसतं. मी पुन्हा नाही म्हणेपर्यंत आमचं नाव पुकारलं गेलं. स्टेजवर बसताबसता तिनं फोनवरचा तानपुरा स्वतःच्या हातानं काळी चारला लावला. समोर तिसऱ्या रांगेत आबा बसले होते, डोक्यावर नवी टोपी, हात गुडघ्यांवर. माझी पाचावर धारण बसली.

तिनं आलाप घेतला. आवाज जरा घोगरा होता, पण खालच्या सुरात तो छान बसला होता. मी 'सा' धरला, काळी चारवर, तो बरोबर लागला. त्यानंतर बोटं आपल्या पाठ केलेल्या जागी पळाली. पहिली ओळ बेसूर गेली. दुसऱ्या ओळीला मी एकेक सूर शोधायला लागले आणि गाणं माझ्यापुढे निघून गेलं. परीक्षकांतल्या एका बाईंनी पेन खाली ठेवलं. तिसऱ्या ओळीला मी हात उचलून मांडीवर ठेवले.

बहिणीनं एकदा वळून पाहिलं. मला वाटलं, आता ती थांबणार. ती थांबली नाही. तबल्यावरच्या मुलाला तिनं मान हलवून खूण केली, डोळे मिटले आणि तानपुऱ्यावर गात राहिली. दुसऱ्या कडव्याला सभागृहात पिन पडली तरी ऐकू आली असती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या टाळ्यांमध्ये पियानोसमोर बसून होते आणि मला तिचा अभिमान वाटत होता, आणि रागही येत होता, इतका की तिच्याकडे बघवेना. माझ्यावाचून तिचं गाणं अडलं नव्हतं. अडायला हवं होतं, असं मला मनापासून वाटलं.

सरांनी बाहेर येऊन सांगितलं की बहीण पास आहे आणि मला पुन्हा बसावं लागेल, पण पुढच्या सत्रात बसता येईल. "अब सीख सकती है तू," ते म्हणाले. "आज पहली बार ढूँढ रही थी." मला ते नीट समजलं, कारण दुसऱ्या ओळीला खरंच तसं झालं होतं. दोन सूर पाठांतराशिवाय माझे मलाच सापडले होते. इतक्या फजितीत त्या दोन सुरांचा आनंद झाला, हे सांगायला लाज वाटते, पण झाला.

व्हरांड्यात आम्ही दोघी आबांपुढे उभ्या राहिलो. बहीण रडत होती, कारण अट तिलाही पाठ होती. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नको. तू ऱ्हा हितंच. एकलीनं गायलीस, एकली ऱ्हाशील."

तिला हुंदकाच फुटला. आबा तिची समजूत काढत राहिले आणि काढता काढता म्हणाले, "आन ताई, तुला शिकायचं हाय का फुडं?"

हा प्रश्न मला त्याआधी घरात कुणी विचारलेला नव्हता. उत्तर माझ्याजवळ होतं, अगदी ओठांवर. पण मी गप्प राहिले. आमच्याकडे मुलगी गप्प बसली की तिचा होकार धरतात. पाहुणे बघायला येतात तेव्हाही हेच चालतं. मी कशाला होकार दिला ते आबांनी आपल्या मनानं ठरवलं. वसतिगृहातून माझी बॅग खाली आली. बहिणीनं मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "तुझ्यामुळंच झालं ताई हे सगळं." ते खरंही होतं.

लातूरची एसटी अहमदपूरला चहाला थांबली. आबांनी दोन चहा घेतले, एक माझ्या हातात दिला.

"आबा, मला शिकायचं व्हतं."

त्यांनी कप तोंडापासून खाली घेतला. "मंग इचारलं तवा गप का बसलीस?"

"इचारलं तुमी मला, पर बघत तिच्याकडं व्हता."

आबांनी कप हातातल्या हातात फिरवला. चहावर साय धरली. मग ते म्हणाले, "हाव. खरं हाय ते," आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता ते म्हणतील, चल, परत फिरू. त्यांनाही तसंच काहीसं म्हणायचं असावं, कारण त्यांनी नांदेडच्या बाजूला एकदा मान वळवली होती. तेवढ्यात कंडक्टरनं हाक दिली. आमची बॅग वर फळीवर होती, म्हणून आम्ही त्याच गाडीत चढलो.