आईचं पुढचं वाक्य

शिळफाट्याला माझ्या ओळखीच्या एकाचं लग्नाचे व्हिडिओ करायचं दुकान आहे. आमच्या शाळेचं गॅदरिंगही तोच शूट करतो. कोणी मोबाईल उचलला की ओरडतो, "बटन लगेच दाबू नका रं, शेवट होऊ द्या!" तरी क्लिप तुटकी आलीच, तर एआयनं दोन सेकंद वाढवून देतो. मग नवरी आणखी जराशी हसते.

परवा गेलो तेव्हा त्यानं हेडफोन माझ्या कानाला लावला. पडद्यावर त्याची गेलेली आई, चुलीपुढे. "ऐक रं, तुला एक सांगायचं हाय..." म्हणाली आणि क्लिप संपली.

"रोजचंच असंल म्हणून मीच बंद केलं," तो म्हणाला.

मग वाढवलेले दोन सेकंद लावले. लाकडं तडतडली, भांडं वाजलं. आईचे ओठ हलले, पण शब्द आला नाही.

"आजूबाजूचा आवाज वाढतो, बोलणं नाय वाढत. मास्तर, ओठांवरनं वाचता येतं का तुमाला?"

मी हेडफोन काढून ठेवला. ते ओठ तिचे नाहीत, एआयचे आहेत, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?