मशीनला छप्पर, पोरं उन्हात

लग्नानंतर मी मध्य प्रदेशात, बालाघाटजवळच्या एका मँगनीजच्या खदानीवर कामाला लागले. साठीच्या दशकातली गोष्ट. आम्ही बाया हातोडीने दगड फोडायचो आणि चांगला माल निवडायचो. तान्ही पोरं पळसाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत असत.

मग कंपनीने दगड फोडायचं मोठं मशीन आणलं. त्याचं कौतुक किती! हार घातला, नारळ फोडला, गंजू नये म्हणून वर पत्र्याचं छप्पर घातलं. मशीन चालू झालं की धुरळ्याने झोळ्या काळ्या पडत. माझी लेक खोकून खोकून बेजार व्हायची. पोरांसाठी आडोसा मागितला, तर साहेब म्हणाला, "खदान है, बालवाड़ी नहीं."

शेजारी दगड फोडणारी मावशी वयाने मोठी, राजेगावकडची. भाकरी खाताना ती म्हणाली, "साहेबाच्या ऑफिसची ओसरी मस्त थंडगार हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या ओसरीवर गोधड्या अंथरल्या, पोरं निजवली आणि मुकाट्याने कामावर जाऊन बसलो. थोड्याच वेळात चपराशी धावत आला. मी आणि मावशी गेलो. एक पोरगं साहेबाच्या टेबलाखाली शिरलेलं, दुसऱ्याने चटई ओली केलेली, आणि माझी लेक साहेबाची पँट धरून उभी!

"काम छोड़कर ये क्या तमाशा है?"

"काम सुरूच हाये साहेब," मावशी म्हणाली. "ऐका ना, हातोड्या वाजून राह्यल्या."

"सबको निकाल दूँगा!"

तोवर मी साहेबापुढे कधी मान वर केली नव्हती. पण लेक खोकली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या मशीनले छप्पर हाये. माह्या पोरीले काहून नाही?"

'निकाल दूँगा' बाहेर ऐकू गेलं होतं. हातोड्या एकदम थांबल्या. मग गड्यांनी मशीनही बंद केलं. इतकी शांतता त्या खदानीत मी कधी ऐकली नव्हती. साहेब खिडकीतून बघत राहिला. शेवटी लेकीच्या मुठीतून पँट सोडवत चपराशाला म्हणाला, "मिस्त्री को बुलाओ."

धुरळा पोचणार नाही अशा जागी, मोहाच्या झाडाखाली, पोरांची खोली उभी राहिली. प्यायच्या पाण्याचा रांजण आला. पोरं सांभाळायला कंपनीने मावशीलाच नेमलं. पहिल्या सकाळी ती दारात ऐटीत बसली होती, मांडीवर दोन पोरं घेऊन.

"जा वं," ती मला म्हणाली, "पोरीकडं वळून वळून काहून पाहतं?"