पुडिंग कशानं नासलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. चर्चमध्ये गुडघे टेकले की मुद्दाम दुसरंच काहीतरी मागते – मुलीची परीक्षा, माझी कंबर, काहीही. आता लपवायचाही कंटाळा आलाय. म्हणून तुम्हाला सांगते.

आमच्या घरी नाताळचं पुडिंग पाच आठवडे आधी होतं. खर्डीच्या बाजूला आमचं गाव, त्यात ख्रिस्ती घरं तीन, आणि पुडिंग एकाच घरात. माझ्या सासूबाई नर्स होत्या, सगळा गाव त्यांना सिस्टरच म्हणायचा. तरुणपणी इस्पितळातल्या मेट्रनबाईंकडून शिकलेलं पुडिंग त्यांनी आपल्या हिशेबानं करून टाकलं होतं. मनुकांच्या जोडीला सुकवलेली करवंदं, साखरेऐवजी गूळ, आणि ब्रँडीच्या जागी मोहाची दारू. हसू नका. चव बघितली असतीत तर हसला नसता.

करवंदं आणि मोहाची आणायची जनी, वरच्या आदिवासी वाडीतली. वीसेक वर्षं आणत होती. आमच्याकडे रीत अशी, की पुडिंगचं मिश्रण प्रत्येकानं एकदा ढवळायचं आणि मनात काहीतरी मागायचं. सासूबाई जनीच्याही हातात चमचा द्यायच्या. ती डोळे घट्ट मिटून ढवळायची. नाताळला पहिली वाटी पाळकसाहेबांची, दुसरी जनीची. मी नवी सून – माझा नंबर चौथा की पाचवा. मला ते खुपायचं. किती कोतं मन! पण खुपायचं, हे खरं.

त्या वर्षी – अकरा वर्षं झाली – सासूबाईंना शहापूरला प्रार्थनासभेला जायचं होतं. पुडिंग फडक्यात बांधून, चुलीवरच्या मोठ्या टोपात सोडून त्या गेल्या. जाताना दोनदा बजावलं. पाणी सात तास उकळतं राहिलं पाहिजे. कमी झालं तर वरून उकळतंच घालायचं, गार नाही. एवढंच काम. मी काय केलं? जरा आडवी झाले. फोनवर सिरियल लावली, आणि डोळा लागला. उठून बघते तर चूल विझलेली, पाणी कोमट, टोप अर्धा रिकामा. किती वेळ झाला होता, देव जाणे. घाईघाईनं हंड्यातलं गारच पाणी ओतलं आणि जाळ केला.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, पाणी उकळतं होतं ना गं? मी म्हटलं, हो आई.

इथवर कुणीही चुकलं असतं, नाही का? मीही बरेच दिवस हेच स्वतःला सांगितलं. पुडिंग वाशाला टांगलं गेलं. दर रविवारी सासूबाई त्यावर चमचाभर मोहाची सोडायच्या, आणि मी खाली उभी राहून बघायचे.

नाताळच्या दुपारी, पाळकसाहेब आणि चार पाहुणे बसलेले असताना फडकं सोडलं. काय वास सुटला! आत कच्चं, आंबलेलं, बुरशी धरलेली. सासूबाईंचा चेहराच पडला. असं कसं झालं, त्या म्हणत राहिल्या. आणि माझ्या तोंडून निघालं – निघालं कसलं, मीच काढलं – मोहाचीत पाणी असेल. जनीनं घातलं असेल.

सगळ्यांना लगेच पटलं. ते इतकं पटकन का पटलं, याचा विचार मी आता करते. मला ते पटणार हे ठाऊक होतं, म्हणून तर बोलले. ती वाडीवरची, मी घरातली.

सासूबाई दरवर्षी दारूला काडी लावून बघायच्या. निळी पेटली की अस्सल. त्या वर्षी बघायचं राहून गेलं होतं, जनीवर भरवसाच तेवढा. अजून एक आहे, तेही सांगते, नाहीतर हे सगळं निम्मंच होईल. कपाटात बाटली होती, तळाशी दोन बोटं मोहाची उरलेली. वाडीवर निरोप गेला, आणि जनी यायच्या आत मी ती मोरीत ओतली.

जनी आली. उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, "नाय गो सिस्टर, थेंब पन पानी नाय घातला. काडी लावून बघ ना." सासूबाईंनी बाटली आणायला सांगितली. मी रिकामी बाटली आणून दाखवली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, की पुन्हा येऊ नकोस.

जनी पाणी घालते – गावात ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? मग म्हणे ती विकायची त्या मधातही गूळ निघाला, करवंदांत खडे निघाले. लोकांनी तिच्याकडून घेणं बंद केलं. दोन वर्षांत ती नवऱ्यामागं वीटभट्टीवर गेली. खापर एका पुडिंगचं, आणि फुटलं तिच्या सगळ्या जगण्यावर.

सासूबाई शेवटच्या आजारात विचारायच्या, जनी आली होती का गं? मी नाही म्हणायचे. तेवढं मात्र खरं होतं.

आता पुडिंग मी करते. सात तास चुलीसमोरून हलत नाही. अगदी सिस्टरच्या हातचं, असं लोक म्हणतात.

गेल्या महिन्यात शहापूरच्या बाजारात जनी दिसली. रस्त्याकडेला वालाच्या शेंगा घेऊन बसली होती, पार वाळून गेलेली. मी तोंड फिरवणार तोच तिनंच हाक मारली. सिस्टर कशी आहे, विचारलं. गेल्या, चार वर्षं झाली, म्हटलं, तर पदर तोंडाला लावून रडली. मग म्हणाली, "मी लय इचार केला गो सूनबाय. बाटली मी त्या दिवशी धुतली व्हती. आत पानी ऱ्हायला आसल. माजीच चूक. सिस्टरला सांगायचा ऱ्हायला."

आता भीती कुणाची होती? सासूबाई नाहीत, पाळकसाहेबांचीही बदली झाली. समोर फक्त ती आणि शेंगांचा ढीग. एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हटलं, "जाऊ दे जनीमावशी. आमच्या मनात काही नाही."

मी तिला माफ केलं. तिनं माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले, आणि मी लावू दिले.