खिडकीखालची गाडी

"ढकला, पण हळू. मुहूर्त टळत नाहीये आपला."

रविवारी सकाळी डिकीवर दोन्ही तळहात टेकून आमच्या खालचे काका असं म्हणायचे आणि आम्ही शेजारी मुकाट्याने जोर लावायचो. बंद पडलेली गाडी ढकलणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. हे चांगली धडधाकट गाडी ढकलायचे.

घाटकोपरच्या आमच्या इमारतीत काकांचं घर तळमजल्यावर आणि गाडी उभी करायला जागा नेमकी त्यांच्याच खिडकीखाली. काकूंना दमा. धूर आत गेला की बिचाऱ्या दिवसभर उशीला टेकून श्वास ओढत बसायच्या. म्हणून काका गाडी फाटकाबाहेर नेऊन मगच सुरू करायचे आणि काकू नाकाला पदर लावून तिथवर चालत जायच्या. "बायकोला दारातून गाडीत बसवता येत नाही, कसला मी गाडीवाला!" असं ते हसत म्हणायचे, पण ते त्यांना लागलेलं होतं.

एकदा अमेरिकेतल्या भाच्याने त्यांना एक पोलादी पेटी आणून दिली. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी. सायलेन्सरच्या नळीत बसवायची. चांगली तापली की धुरातलं विष तिथेच मरतं. काकांनी ती अंधेरीच्या एका गॅरेजमध्ये बसवून घेतली. पुढच्या रविवारी गाडी बाहेर ढकलली, तिथे तापवली आणि चालू इंजिनासकट थेट खिडकीखाली आणली. आम्ही सगळे काकूंच्या तोंडाकडे बघत होतो. काकूंनी हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"अगंबाई, काहीच नाही!"

त्या दिवशी काकू दारातून गाडीत बसल्या. काकांनी दार असं अदबीने लावलं की आम्हाला हसू आवरेना.

आता परदेशी पाहुणीला साधं पेट्रोल कसं पाजायचं? काका हौसेने महागातलं भरू लागले. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये तेव्हा शिसं असायचं आणि महागातल्यात जास्तच. शिशाने जाळी निकामी झाली, हळूहळू चोंदली. गाडी चढावर धापा टाकू लागली आणि एका रविवारी काकू खिडकीत खोकू लागल्या. भाच्याने फोनवर कारण सांगितलं, तेव्हा काका पायरीवर येऊन बसले.

"लाड करून मारली रे मी तिला," एवढंच म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. पेटी काढून टाकली आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच, "ढकला, पण हळू."

काका गेल्यावर गाडी विकायची ठरली. घेणारा माणूस आला, चावी घेऊन आत बसला. आम्ही कुणी न सांगताच डिकीला हात लावले. तेवढ्यात खिडकी उघडली.

"ढकलू नका रे," काकू म्हणाल्या. "तिथेच सुरू करा."

"काकू, अहो, धूर येईल ना."

"येऊ दे. जाताना तरी इथून निघू दे तिला. फार मनात होतं त्यांच्या."

गाडी सुरू झाली. धूर सरळ आत गेला. गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत काकू खोकत उभ्या होत्या, पण खिडकी काही त्यांनी लावली नाही.