अक्काचा श्वास कागदावर

अक्का म्हणजे माझी आत्या. आई लवकर गेली, म्हणून मी धुळ्याजवळच्या खेड्यात तिच्याकडेच वाढले. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा धूर घरात भरलेला असायचा. अक्का फुंकणीनं चूल फुलवत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी भाजायची आणि मी तिच्या पाठीला टेकून पाढे म्हणायचे. त्या धुराचा वास मला अजून मायेचा वाटतो. त्यानंच तिची फुप्फुसं खाल्ली, हे कळलं तेव्हा ती सत्तरीला आली होती.

मी धुळ्यातल्या देवपूरच्या शाळेत शिकवायला लागल्यावर तिला घरी आणलं. नाकाला ऑक्सिजनची नळी लागली, तीही भाड्याच्या सिलिंडरवर. घरीच ऑक्सिजन तयार करणारं मशीन मंजूर व्हावं म्हणून केलेला पहिला अर्ज परत आला, कारण रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा नळी लावलेली असतानाच घेतला होता आणि तो चांगला दिसत होता. शिवाय तपासणीच्या कागदावर लिहिलं होतं, 'घरकाम स्वतः करते.'

तसं अक्कानंच सांगितलं होतं. डॉक्टरांपुढे ती नेहमी पाठ ताठ करून बसायची. "बठ्ठं करस मी. मले काय व्हयनं शे?"

दुसऱ्या वेळी डॉक्टरबाई नव्या होत्या. त्यांनी दम्याचं काही विचारलंच नाही. म्हणाल्या, "अक्का, शेवटची भाकरी कधी थापली?"

 अक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन वरीस व्हयनात. पीठ मळता मळता दम लागस. हिले सांगी काय करू?"

दात गेले म्हणून ती भाकरी करत नाही, असं मी समजत होते. एकाच घरात राहून मला हे दिसलं नव्हतं.

"हे सगळं लिहायला हवं," बाई म्हणाल्या. "आणि आकडा नळीशिवाय, शांत बसवून घ्यायचा. खोकला-ताप नसताना. अठ्ठ्याऐंशी किंवा खाली आला, तरच कागद टिकतो. मनगटातलं रक्तही तपासू."

नळी काढली. अर्धा तास बसायचं होतं. बोटावरच्या चिमट्यात एक्क्याण्णव दिसलं, मग एकोणनव्वद. ओठ निळसर व्हायला लागले तसा माझा हात नळीकडे गेला.

"थांब," अक्काच म्हणाली आणि माझं मनगट धरून ठेवलं. लहानपणी गोवराच्या तापात मी तिचं धरलं होतं, तसंच.

शहाऐंशीला बाईंनी आकडा लिहिला, रक्त घेतलं आणि लगेच नळी लावली. काही आठवड्यांनी पुन्हा तेच केलं. आकडा तसाच आला. आजार तात्पुरता नाही, हे कागदावर ठरलं. अर्ज मंजूर झाला, त्या दिवशी मी घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले.

मशीन आलं. अक्का आणखी दोन वर्षं राहिली.

त्यातल्या शेवटच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या माहेरवाशिणींनी कडुलिंबाला झोका बांधला. अक्काची खुर्ची दारात होती, लांब नळी घरातून आलेली. मुलींनी आग्रह केला तसं तिनं गाणं धरलं. अर्ध्या ओळीवर थांबायची, दोन श्वास घ्यायची, पुढची अर्धी म्हणायची. मुली झोका थांबवून वाट बघायच्या. कुणीही तिच्या आधी ओळ पुरी केली नाही. गाणं संपायला बराच वेळ लागला, पण तिनं ते पूर्ण म्हटलं.